दाराआडचा शब्द

यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन कडाडताहेत आणि तुम्हाला त्यातलं अवाक्षर कळत नाही. भाषा इंग्रजीच आहे म्हणे. साल १०१४. चर्चमध्ये गारठा, ओल्या लोकरीचा वास, आणि माणसं माना खाली घालून ऐकताहेत, कारण सगळ्यांचीच पापं बाहेर काढली जाताहेत. राजा एथेलरेड गेल्या हिवाळ्यात समुद्र ओलांडून नॉर्मंडीला पळाला होता. डेन लोकांनी देश पायाखाली तुडवलाय. हे का झालं, तर आपण नाती विसरलो म्हणून, असं वुल्फस्टन यांचं म्हणणं. लोकांनी सख्खे नातलग गुलाम म्हणून विकले, धन्याला दगा दिला, आणि देशभर कितीतरी ‘गॉडसिब्’ मारून टाकले.

गॉडसिब्. एवढा एकच शब्द पकडून ठेवा. ‘गॉड’ म्हणजे देव, ‘सिब्’ म्हणजे नातं. आजचा ‘सिबलिंग’ त्याच घरातला. त्या काळी ‘सिब्’ला आणखी एक अर्थ होता, सलोखा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरणारी माणसं त्या बाळाच्या आईबापांचे गॉडसिब् होतात. जन्मानं नव्हे, देवासमोर जोडलेले सोयरे. त्यांचा जीव घेणं म्हणजे घरातला खून, म्हणून तो या पापांच्या यादीत आलाय. हाच शब्द झिजत झिजत पुढे तुमच्या फोनवर येणार आहे. पण त्याचं आजचं रूप इथे कुणाला सांगू नका. ‘गॉसिप’ म्हणजे काय, हे आर्चबिशपांना समजावणं तुम्हाला झेपणार नाही.

पुढचा मुक्काम तीनशे वर्षांनंतर, एका खेड्यातल्या चर्चच्या दाराशी. इथून पुढे तुम्ही बाई आहात. पुरुष वाचकांनी मनाला लावून घेऊ नये. पुरुष म्हणून आलात तर या प्रवासातल्या सगळ्यात महत्त्वाच्या खोलीचं दार तुमच्यासाठी उघडणारच नाही.

तर दाराशी. बाळ सुईणीच्या हातात आहे. आई आलेली नाही. बाळंतिणीला महिनाभर तरी चर्चमध्ये पाऊल टाकायचं नसतं. मुलगी झालीये, म्हणून धर्ममाता दोन आणि धर्मपिता एक. मुलगा असता तर हिशेब उलटा. त्या दोघींतल्या एक तुम्ही. गोव्यात किंवा वसईत कुणा ख्रिस्ती मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेला असाल, तर हा मान काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. पाद्री विचारतो, मुलगा की मुलगी? घरी कुणी घाईघाईत बाप्तिस्मा दिलाय का? मग तो बाळाच्या तोंडात मीठ घालतो. बाळ तोंड वेडंवाकडं करतं. स्वतःची थुंकी बोटावर घेऊन तो बाळाच्या कानांना आणि नाकाला लावतो. तुमच्या अंगावर शहारा येतो, पण बाकी कुणाची पापणीही लवत नाही.

आत दगडी कुंड आहे. त्यावर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप. १२३६ पासून आर्चबिशप एडमंड यांचा हुकूमच आहे तसा, कारण मंतरलेलं पाणी चोरून लोक चेटूक करतात. कुलूप निघतं. बाळाला तीनदा बुडवतात: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, मग पालथं. तिसऱ्यांदा वर आलेलं ते निळं-जांभळं, किंचाळणारं, ओलं गाठोडं तुमच्या हातात येतं. आता तुम्ही बांधलेल्या आहात. लॅटिन संपवून पाद्री साध्या इंग्रजीत बजावतो: ही सात वर्षांची होईपर्यंत आईबाप हिला आगीपासून, पाण्यापासून जपताहेत ना, यावर लक्ष ठेव, हिला प्रार्थना शिकव, आणि चर्चमधून निघण्याआधी हात धुऊन जा. पवित्र तेलाचा अंश बोटाला लागून बाहेर जाता कामा नये.

तुम्ही हात धुता. त्या पाण्यानं तेल जातं, नातं जात नाही. उद्या तुम्ही विधवा झालात आणि या बाळाचा बाप विधुर झाला, तरी तुमचं लग्न होऊ शकत नाही. चर्चच्या कायद्यानं ते भावाबहिणीचं लग्न ठरेल.

आणि या नात्याचा एक व्यवहारी उपयोग आहे. इथे जन्माचा दाखला नसतो. चर्चमध्ये जन्म-मृत्यूच्या वह्या ठेवा, असा हुकूम निघायला १५३८ साल उजाडायचंय. तोवर एखाद्या जमीनदार घराण्याचा वारस एकवीस वर्षांचा झाला की नाही, हे ठरवायचं तर माणसांनाच विचारावं लागतं. सरकारी अधिकारी बारा पुरुषांना समोर बसवतो आणि प्रत्येकाला विचारतो, तुला हा जन्मला ते कशावरून आठवतं? एक म्हणतो, त्याच दिवशी माझा पाय मोडला. दुसरा, माझा मुलगा त्याच आठवड्यात झाला. तिसरा, मी मशाल धरून चर्चपर्यंत गेलो होतो. या जबान्यांची कागदपत्रं आजही आहेत, आणि ती वाचताना इतके पाय एकाच गावात मोडलेले दिसतात की इतिहासकारांना शंका यावी. बाळाला कुंडातून उचलून घेतलेल्या धर्ममातेचं नाव त्या जबान्यांत येतं. पण जबानी द्यायला बसलेले ते बाराही जण पुरुष. जिच्या हातात बाळ होतं ती साक्षीचा विषय, साक्षीदार नव्हे. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा.

आता चेस्टर. १५७२, व्हिटसनचा सण. शहरात गाड्यांवरची नाटकं चालू आहेत. एकेक धंद्याच्या मंडळींनी बायबलमधला एकेक प्रसंग वाटून घेतलाय. जलप्रलयाचं नाटक कुणाकडे, तर डी नदीचं पाणी भरून शहरात वाहणाऱ्या पाणक्यांकडे. असा विनोद सुचायला चेस्टरचंच पाणी प्यावं लागतं! गाडी मठाच्या दाराशी थांबते. नोआचं तारू तयार आहे, प्राण्यांची चित्रं चढवून झालीत, पाऊस तोंडावर आलाय, आणि नोआची बायको अडून बसलीये. ती म्हणते, माझ्या गॉसिप्सना घेतल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. त्या माझ्यावर जीव टाकतात, त्या बुडतील. (या घटकेला शब्दाचं ‘ड’ गळून गेलंय, आणि त्याचा अर्थ पसरून जिवाभावाच्या शेजारणी, मैत्रिणी असा झालाय.) मैत्रिणी येतात, माल्मसी दारूचं मोठं भांडं मध्ये ठेवतात आणि गाणं म्हणत पितात. मुलगा आईला उचलून तारवात टाकतो. ती आत पडताच नवऱ्याच्या थोबाडीत मारते. प्रेक्षक लोळताहेत. सगळ्या बायकांची कामं मिशा काढलेल्या पुरुषांनी केलीत, हे वेगळं सांगायला नको.

तुम्हीही हसा, नाटक धमाल आहे. फक्त एवढं बघा, की जग बुडतंय आणि मागे राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्या अख्ख्या नाटकात पोटतिडकीनं विचारणारी ही एकटीच आहे. नोआला तो पडत नाही. त्याला लाकडाची मापं दिलेली आहेत.

लंडन, सतराव्या शतकाची सुरुवात. रात्र. एक नवरा कंदील घेऊन गल्लीत दार-दार ठोठावतोय. बायकोला कळा सुरू झाल्यात, तो तिच्या गॉसिप्सना बोलवायला निघालाय. तुमचंही दार वाजतं. तुम्ही शाल घेऊन निघता. त्याच्या घराच्या जिन्यापर्यंत तो तुमच्याबरोबर येतो आणि तिथेच थांबतो. पुढे त्याला मज्जाव.

खोलीत पाऊल टाकलंत की पहिल्यांदा जाणवतो तो उकाडा. शेकोटी भडकलीये, खिडक्या लावून त्यावर जाड पडदे ओढलेत, मेणबत्त्या लागल्यात. शेजारीण वाकून किल्लीच्या भोकात चिंधी कोंबतेय. वारा नको, उजेड नको, कुणाचा डोळाही नको. पाच-सहा बायका. एकीच्या हातात मातीचं चोचीचं भांडं. त्यात कॉडल, म्हणजे बिअर किंवा वाइन तापवून त्यात ओटचं पीठ, अंड्याचा बलक, साखर आणि मसाला घालून केलेलं, आपल्याकडची अळिवाची खीर आणि काढा यांच्या मधलं काहीतरी. ते बाळंतिणीसाठी, आणि खरं सांगायचं तर तिच्याभोवती जागणाऱ्यांसाठीही. एक जण पाठ चोळते, दुसरी हात धरते, तिसरी आपल्या चौथ्या बाळंतपणाची हकीकत सांगते. ती हकीकत वेळ घालवायला नाही. बाळ पायाळू होतं तेव्हा सुईणीनं काय केलं, रक्त थांबेना तेव्हा काय दिलं, कुठली सुईण उतावळी आणि कुठलीचा हात हलका, हे सगळं त्यात आहे. वैद्यकाचं दुसरं पुस्तक या बायकांपाशी नाही. बहुतेकींना वाचताही येत नाही.

सुईण मात्र अशी-तशी नाही. तिनं बिशपसमोर शपथ घेतलीये. १५६७ मध्ये एलिनर पीड नावाच्या सुईणीनं कँटरबरीच्या आर्चबिशपांपुढे घेतलेली अशी शपथ आजही वाचायला मिळते, आणि तिच्यातली कलमं वाचली की या खोलीत काय काय घडू शकत होतं याचा अंदाज येतो. बाळ दुसऱ्याच्या पोटचं आणून ठेवू देणार नाही. बाप नसलेल्याचं नाव बाप म्हणून घेऊ देणार नाही. जीव धोक्यात असलेल्या बाळाला बाप्तिस्मा द्यायची वेळ आली तर साधं स्वच्छ पाणी वापरीन, गुलाबपाणी नाही. म्हणजे वंश कुणाचा, वारस कोण, आत्मा तरला की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या कोंदट खोलीत ठरतात. आणि ती खरी ठरली याची खूण म्हणजे भोवती बसलेल्या तुम्ही.

१६२४ मध्ये पार्लमेंट एक कायदा करतं. लग्न न झालेल्या बाईनं बाळंतपण लपवलं आणि बाळ मेलेलं सापडलं, तर तिनंच ते मारलं असं धरून चालायचं. सुटकेची वाट एकच: बाळ मेलेलंच जन्मलं, असं सांगणारा निदान एक साक्षीदार. नाहीतर फाशी. जिच्या खोलीत एक गॉसिप होती ती वाचली, जी एकटीच बाळंत झाली ती गेली. तो कायदा १८०३ पर्यंत टिकला.

आणि बाहेर, जिन्याच्या पायरीवर, नवरा बसलाय. आतून हसण्याचा आवाज येतो, मग कुजबुज, मग पुन्हा हसणं. एवढ्या काय बोलताहेत? आपल्याबद्दल बोलताहेत का? माझ्या मते या शब्दाचा पुढचा सगळा प्रवास त्या पायरीवर ठरला. आतल्या बायकांना आपल्या बोलण्याला नाव द्यायची गरज नव्हती. नाव दिलं ते ज्याला नीट ऐकू येत नव्हतं त्यानं. आणि लेखणीही त्याच्याच हातात होती.

१६१३ मध्ये थॉमस मिडलटनच्या एका प्रहसनात बारशाची मेजवानी आहे. गॉसिप्स मिठाया पदरात कोंबतात, दारू ढोसतात, बोलून बोलून वात आणतात, आणि घरातला पुरुष प्रेक्षकांकडे वळून एकेकीची टर उडवतो. १६२६ मध्ये बेन जॉन्सन त्याहून पुढे जातो. त्याच्या नाटकात चार गॉसिप्स रंगमंचावर खुर्च्या टाकून बसतात आणि चाललेल्या नाटकाला नावं ठेवतात. एकीचं नाव मौज, दुसरीचं वटवट, तिसरीचं अपेक्षा, चौथीचं निंदा. गंमत अशी, की ते नाटक आहे बातम्या विकणाऱ्या एका दुकानावर. लंडनमध्ये नुकत्याच छापील बातम्या विकत मिळू लागल्यात, आणि खरं-खोटं न बघता तुकड्यावारी माल विकणारे ते सगळे पुरुष आहेत. त्यांच्या मालाला ‘न्यूज’ म्हणतात.

न्यूकॅसलमधून झटपट पुढे जा. राल्फ गार्डिनरनं १६५५ मध्ये छापलेल्या पुस्तकात एक चित्र आहे: अ‍ॅन बिडलस्टोन नावाच्या बाईच्या डोक्यावर लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, तोंडात जिभेवर दाबून बसवलेली पट्टी, आणि एक माणूस तिला दोरीनं रस्त्यातून ओढत नेतोय. हा लगाम गॉसिप करणाऱ्या बायकांसाठी होता असं हल्ली सरसकट लिहिलं जातं. जरा सबुरीनं घ्यावं. आरोपाचा शब्द ‘स्कोल्ड’ होता, म्हणजे कजाग, भांडकुदळ बाई, आणि तो चारचौघांत, मोठ्यानं बोलण्याबद्दलचा आरोप होता. कुजबुजीला लगाम घालता आला नसता. तिच्यासाठी दुसरा उपाय सापडला: ती ऐकण्याच्या लायकीचीच नाही, असं म्हणायचं.

आणि आता १० जून १६८८. रविवार, सकाळी दहाचा सुमार. सेंट जेम्स राजवाडा. या खोलीत तुम्हाला कुणी अडवत नाही, कारण इथे अख्खा दरबार लोटलाय. राजा दुसरा जेम्स कॅथलिक, राणी मेरी ऑफ मोडेना कॅथलिक, आणि देश प्रोटेस्टंट. राणीची आधीची मुलं जगली नाहीत. आज मुलगा झाला तर सिंहासन कॅथलिक घराण्यातच राहणार. म्हणून साक्षीदार हवेत, आणि भरपूर हवेत. पलंगाच्या पायथ्याशी लॉर्ड चॅन्सेलर जेफ्रीज. मंत्री, सरदार, त्यांच्या बायका. राणी कळा देता देता नवऱ्याला विनवते, तुमच्या डोक्यानं आणि केसांच्या टोपानं माझा चेहरा झाका. इतके पुरुष बघत असताना माझ्यानं होणार नाही. राजा वाकतो. त्याचा तो भला मोठा कुरळा टोप तिच्या तोंडावर पडदा होतो.

पलंगाजवळच्या त्या बाईंकडे नीट बघा. पन्नाशीच्या, पोर्तुगीज, मागच्या राजाची विधवा. कॅथरिन ऑफ ब्रगांझा. १६६१ च्या लग्नाच्या करारात यांच्याच हुंड्यातून मुंबई इंग्रजांच्या हाती गेली, आणि सात वर्षांनी राजानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आपल्या शाळेतल्या इतिहासात या बाई एका वाक्यापुरत्या येतात आणि जातात. इथे त्या आल्यापासून मूल होईपर्यंत खोलीतून हलत नाहीत. ऑक्टोबरमध्ये या मुलाचं बारसं होईल तेव्हा धर्ममाताही त्याच असतील. धर्मपिता साक्षात पोप, त्यांच्या वतीनं त्यांचा वकील. वुल्फस्टन यांच्या अर्थानं बघितलं तर इंग्लंडच्या इतिहासातली ही सगळ्यात मातब्बर गॉसिप.

मुलगा होतो. आणि आठवड्याभरात लंडनच्या कॉफीहाउसांतून एक कहाणी फिरू लागते. राणी गरोदर नव्हतीच. बाळ बाहेरून आणलं. कशातून? बिछाना ऊबदार करायच्या भांड्यातून: पितळेचं, झाकणाचं, लांब दांड्याचं, ज्यात निखारे घालून पलंगावर फिरवतात. जूनमध्ये निखारे कशाला लागले? एवढा प्रश्न पुरेसा होतो. त्या भांड्यात पूर्ण वाढीचं मूल मावेल का, आणि मावलं तर वाटेत रडणार नाही का, हे कुणी विचारत नाही. राजवाड्याचा नकाशा छापून निघतो, त्यात भांडं कुठल्या दारानं आलं त्याची टिंबांची रेघ. राजाची धाकटी मुलगी अ‍ॅन त्या दिवशी बाथला होती. ती हॉलंडमध्ये थोरल्या बहिणीला पत्रांतून आपला संशय कळवते. तिनं काहीच पाहिलेलं नाही. पण तिच्या पत्रांना वजन आहे.

२२ ऑक्टोबर. राजा कौन्सिल भरवतो आणि खोलीत असलेल्या सगळ्यांना बोलावतो. चाळीसहून जास्त माणसं शपथेवर सांगतात. आज बायकांनाही विचारलं जातंय. कॅथरिन थोडक्यात सांगतात: मी तिथे होते, मूल झालं तेव्हा होते. सुईण सांगते. सरदारणी सांगतात, ओल्या कपड्यांचं, दुधाचं, नाळेचं, जे भर दरबारात उच्चारायची त्यांना लाज वाटतेय तेही. कपडे धुणारी बाई चादरींबद्दल सांगते. सगळं लिहून घेतात, छापतात. काही उपयोग होत नाही. ५ नोव्हेंबरला अ‍ॅनच्या त्या थोरल्या बहिणीचा नवरा विल्यम सैन्यासह टॉरबेला उतरतो, आणि नाताळाच्या आत जेम्स देश सोडून पळतो. त्या मुलाला जन्मभर ‘प्रिटेंडर’ म्हणतात.

जेम्स भांड्यामुळे गेला असं कुणी म्हणणार नाही. त्याला घालवायची कारणं ढीगभर होती. पण तुम्ही त्या खोलीतून बाहेर पडताना हे सोबत घेऊन जा: ज्यांनी पाहिलं त्या गॉसिप्स आत होत्या, आणि आज आपण ज्याला गॉसिप म्हणतो ते बाहेर बिशप, सरदार आणि मुत्सद्दी करत होते.

फ्लीट स्ट्रीटच्या मागे, गॉफ स्क्वेअर, घर नंबर १७. १७५५. जिने चढून माळ्यावर या. उभ्याउभ्या लिहायची मेजं, सगळीकडे कागदाचे कपटे, आणि कोपऱ्यात तीन पायांच्या खुर्चीचा तोल भिंतीला टेकून सावरत बसलेले अगडबंब डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन. सहा नकलनवीसांच्या मदतीनं त्यांनी चाळीस हजारांवर शब्दांचा कोश उभा केलाय. दोन भले थोरले खंड, किंमत साडेचार पौंड. ‘जी’ काढा. या शब्दाचे तीन अर्थ दिलेत. पहिला, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीनं उत्तरं देणारी व्यक्ती. दुसरा, दारू पिताना सोबत करणारी. तिसरा, बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखी इकडचं तिकडे करत फिरणारी. साडेसातशे वर्षांची उतरंड तीन ओळींत. कोशकाराला दोष द्यायचं कारण नाही, लोक जसं बोलत होते तसं त्यानं टिपलं. फ्रेंचांनीही हेच केलंय: ‘कोमेर’ म्हणजे धर्ममाता, आणि तिच्यापासून निघालेलं ‘कोमेराज’ म्हणजे कुचाळक्या.

फक्त एक चहाटळ आठवण. डॉक्टर जॉन्सन हे त्यांच्या काळातले लंडनमधले सगळ्यात मोठे बोलघेवडे. क्लबमध्ये रात्र-रात्र बसून कोण कसा लिहितो, कुणाची बायको कशी, कोण कंजूष, कोण मूर्ख, यावर ते बोलत, आणि त्यांचा मित्र बॉझवेल घरी जाऊन ते उतरवून काढी. १७९१ मध्ये त्याचं पुस्तक झालं. इंग्रजीतलं सर्वश्रेष्ठ चरित्र म्हणून ते वाचलं जातं, आणि त्यातल्या त्या गप्पांना ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणतात.

तोवर आतली खोलीही मोडत आलीये. १७३९ मध्ये विल्यम स्मेली नावाचा स्कॉटिश डॉक्टर लंडनला आला. चामड्याचं बाहुलं करून त्यावर तो बाळंतपण शिकवतो, चिमटा वापरतो, १७५२ मध्ये ग्रंथ लिहितो. अडलेल्या बाळंतपणात त्याच्या हातून जीव वाचले, यात शंका नाही. पैसेवाल्या घरांत आता डॉक्टर येतो, खिडकी उघडायला लावतो आणि बायकांची गर्दी बाहेर काढतो. गरीब बायकांसाठी प्रसूतीची इस्पितळं निघतात. गॉसिप्सना बोलावणं जाईनासं होतं. काम गेलं, शब्द तेवढा उरला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर त्यातली बाईही गळाली आणि बडबड तेवढी शिल्लक राहिली: आता गॉसिप ही कुणी व्यक्ती असायची गरज नाही, ते नुसतं बोलणं.

मूळ कामाच्या शेवटच्या मानकऱ्यांपैकी एक बघायचा असेल तर २१ एप्रिल १९२६ ला मेफेअरमधल्या १७ ब्रूटन स्ट्रीटवर डोकवा. आत पुढे राणी होणारी एलिझाबेथ जन्मतेय, आणि घरात ब्रिटनचे गृहमंत्री विल्यम जॉइन्सन-हिक्स ताटकळत बसलेत. राजघराण्यातल्या जन्माला सरकारचा साक्षीदार हवा, असा रिवाज. हा रिवाज १९४८ मध्ये, चार्ल्सच्या जन्माआधी, बंद झाला. गृहमंत्र्यांना या कामासाठी कुणी गॉसिप म्हटल्याचं ऐकिवात नाही.

ऑक्टोबर १९७१, मुंबई. चर्चगेटबाहेरच्या स्टॉलवर ‘स्टारडस्ट’चा पहिला अंक टांगलाय. मालक नारी हिरा. संपादक तेवीस वर्षांच्या शोभा राजाध्यक्ष, पुढच्या शोभा डे. आत ‘नीताज नॅटर’ नावाचं सदर. शेजारी ‘स्टार अँड स्टाइल’, त्यात देवयानी चौबळांचं ‘फ्रँकली स्पीकिंग’. कॅथरिनच्या हुंड्यातल्या बेटावर दोन मराठी बायका या शब्दाचा धंदा करताहेत, आणि पायरीवरच्या नवऱ्याच्या हातातली लेखणी आता त्यांच्या हातात आहे, हे मला आवडतं. मात्र त्यांच्या ओळींखाली एक गोष्ट सापडत नाही. चौदाव्या शतकातल्या धर्ममातेला निदान नाव होतं. ‘कळतं असं की’, ‘सूत्रांकडून समजतं’ यामागे कोण उभं आहे ते इथे शोधून सापडायचं नाही.

अंक घ्या आणि पाच छप्पन्नच्या लोकलचा बायकांचा डबा गाठा. दारातच एकीनं अंक मागून घेतलाय, दोन मिनिटांत तो चौथ्या हातात गेलाय. नट-नट्यांची लफडी मरीन लाइन्सपर्यंत पुरतात. ग्रँट रोडला विषय बदलतो. कुणाच्या तरी सुनेला आठवा लागलाय. अमक्या मॅटर्निटी होममध्ये नाव घालू नका, तिथला डॉक्टर रात्री फिरकतच नाही, माझ्या नणंदेच्या वेळेला आयाबाईनंच सगळं केलं. तमकीकडे टाके फार घालतात. आगाऊ पैसे किती मागतात ते आधी विचारून घ्या, आणि पावती घ्या. खिडकीशी बसलेली, गळ्यात काळी पोत आणि मांडीवर भाजीची पिशवी असलेली बाई हे सगळं मुकाट ऐकत होती. दादरला गर्दी चढते, ती तुमच्याकडे सरकून विचारते, “अहो, बोरिवलीत कुणी चांगली बाई-डॉक्टर आहे का तुमच्या माहितीतली? स्वतः अनुभव घेतलाय अशी सांगा हं, ऐकीव नको.”